मदत हवी आहे : सेप्सिसमध्ये लिम्फोसाइट वर येत नाहीत

काका सहा दिवस आयसीयूत आहेत. लघवीच्या इन्फेक्शनवरून सेप्सिस (इन्फेक्शनला शरीराचा प्रतिसाद बिघडून अवयवांनाच इजा). ताप उतरलाय, बीपी चढवायचं औषधही कमी केलंय. पण सीबीसीत (रक्तपेशींची मोजणी) एकूण पांढऱ्या पेशी १२,०००, त्यात न्यूट्रोफिल ८८ टक्के आणि लिम्फोसाइट जेमतेम ५. म्हणजे ६००च भरतात; नॉर्मल हजाराच्या वर. चौथ्या दिवसानंतरही ते खालीच राहिले तर धोका जास्त, असं वाचलं आणि झोप उडाली. (रात्री दोनला वाचायलाच नको होतं.) डॉक्टर म्हणतात, "एका आकड्यावर जाऊ नका, चढतात का बघू."

आयसीयूतलं कुणी आहे का इथे? लॅक्टेट (अवयवांना रक्त-ऑक्सिजन कमी पडल्याची खूण), क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) सुधारत असताना नुसते लिम्फोसाइट मागे राहणं कितपत गंभीर? मोनोसाइटवरची (याही पांढऱ्या पेशीच) एचएलए-डीआर तपासणी, म्हणजे प्रतिकारशक्ती किती दबलीय ते दाखवणारी, मागावी, की त्याने उपचारात काही फरक पडत नाही? काकू रोज रिपोर्ट माझ्याच हातात देते हो.