जुन्या कादंबरीचं पहिलं मुद्रण जागेवरच कसं ओळखायचं?

पानोपानी:
आम्ही चौघं मिळून जुन्या इंग्रजी कादंबऱ्या धुंडाळतो. पुस्तक हातात आल्यावर दोन-तीन मिनिटांत ठरवावं लागतं. वर्ष जुळलं म्हणजे पहिलं मुद्रण, असं धरून चालता येईल का? आणि वेष्टन, म्हणजे पुठ्ठ्यावरचं सुटं कागदी आवरण, अस्सल आहे की नंतर चढवलेलं, हे कसं कळतं?

कणाबांधणी:
नुसत्या वर्षावर जाऊ नका. पुनर्मुद्रणातही मूळ वर्ष तसंच छापलेलं असतं. कॉपीराइटच्या पानावर तळाशी आकड्यांची ओळ शोधा: १० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १. प्रत्येक मुद्रणाला एक आकडा गळतो, म्हणून जो सर्वांत लहान आकडा उरला असेल ते मुद्रण. सर्वांत लहान ४ असेल तर चौथं. आकडे उलटसुलट मांडलेले असले तरी नियम तोच.

अपवाद मात्र पाठच हवेत. रँडम हाउस या प्रकाशकाच्या पहिल्या मुद्रणात बरीच वर्षं 'फर्स्ट एडिशन' हे शब्द आणि २ पासून सुरू होणारी ओळ असायची. दुसऱ्या मुद्रणात शब्द काढायचे, २ तसाच ठेवायचे. हे माहीत नसेल तर चांगली प्रत हातची जाते. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या पुस्तकांत ही ओळ सापडणारच नाही. तिथे त्या प्रकाशकाची खूणच माहीत हवी. उदाहरणार्थ, स्क्रिब्नर हे प्रकाशक १९३० पासून पहिल्या मुद्रणात कॉपीराइटच्या पानावर 'ए' हे अक्षर छापायचे.

झटपट चाळणी म्हणजे आयएसबीएन, पुस्तकाचा ओळख क्रमांक. ते १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं. वर्ष १९५५ आणि पानावर आयएसबीएन, तर प्रत नंतरचीच.

वेष्टनवेडा:
वेष्टनाची किंमत कित्येकदा पुस्तकाहून जास्त असते, म्हणून लबाडीही तिथेच होते. आधी आतली घडी उघडा. किंमत छापायच्या जागी कोपरा तिरका कापलेला असेल तर मुद्रण पडताळायचा एक पुरावा गेला. कोपरा शाबूत असून किंमतच नसेल तर बुक क्लबची, म्हणजे क्लबच्या सभासदांसाठी वेगळी छापलेली, प्रत असण्याचा संशय घ्या. मग मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात, कण्याच्या बाजूला, बोट फिरवा: ठिपका किंवा चौकोन दाबलेला लागला तर संशय पक्का.

दुसऱ्याच प्रतीचं वेष्टन चढवलेलं असेल तर मागची जाहिरात वाचा. पुस्तक १९४८ चं आणि जाहिरातीत १९५२ ची कादंबरी, म्हणजे जोडी जुळवलेली.

नक्कल ओळखायला १० पट भिंग आणि अतिनील टॉर्च जवळ ठेवा. मूळ छपाईत एकरंगी अक्षरं सलग दिसतात, नकलेत तीच रंगीत ठिपक्यांची बनलेली असतात. कागद उजळवणारी रसायनं १९५० च्या आसपास रुळली, त्यामुळे १९३० चं म्हणवणारं वेष्टन टॉर्चखाली निळसर-पांढरं चमकलं तर पुस्तक परत ठेवा.

कसरनाशक:
प्रत घरी आणण्याआधी कण्याच्या सांध्यात आणि शिवणीत बघा. पिठासारखी भुकटी म्हणजे कसर अजून जिवंत असू शकते. असं पुस्तक हवा काढलेल्या प्लॅस्टिक पिशवीत बंद करून उणे २० अंशांवर निदान आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर गार पुठ्ठ्यावर दव धरतं आणि बुरशीला आमंत्रण. तांबूस ठिपके घासायच्या फंदात पडू नका, कागद उठतो. फाटक्या वेष्टनाला सेलोटेप तर नकोच. गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि निघत नाही. पॉलिएस्टरचं पारदर्शक आवरण घाला. पीव्हीसीचं नको, त्यातून आम्ल सुटतं.

पानोपानी:
सगळ्यांचे आभार! एकच शंका: एकच प्रत दोघांना हवी असेल तर?

कणाबांधणी:
निघायच्या आधी प्रत्येकाने आपली यादी सगळ्यांना द्यावी: लेखक, प्रकाशक, वर्ष, कोणतं मुद्रण, वेष्टनासह की विना, कमीत कमी दर्जा कोणता. ज्याने ते पुस्तक यादीत आधी नोंदवलं, प्रत त्याची. यादीबाहेरचं असेल तर ज्याने शोधलं त्याचं. आणि दर्जा लिहिताना जपून: विक्रेत्यांच्या भाषेत 'गुड' म्हणजे चांगली झिजलेली प्रत. नीटनेटकी हवी असेल तर किमान 'व्हेरी गुड' लिहा. 'व्हेरी गुड/गुड' असं लिहिलेलं असेल तर तिरक्या रेघेआधीचा दर्जा पुस्तकाचा, नंतरचा वेष्टनाचा.