मदत हवी आहे : मुलाचा गोळीबाराचा खेळ बंद करावा का?

सिंहगडरोडकर
आमचा मुलगा मोबाइलवर गोळीबाराचा खेळ खेळतो आणि हल्ली घरात फार तडकून बोलतो. असे खेळ खेळणारी मुले पुढे हिंसक होतात, असे सोसायटीच्या बैठकीत एका गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितल्यापासून घरात रोज वाद आहेत. खेळ बंद करावा की नाही, एवढेच कृपया सांगावे. उपदेश नातेवाइकांकडून भरपूर मिळत आहे.

नारायणपेठी
मुलगा सात वर्षांचा की सतरा, खेळ कोणता, एकट्याने खेळतो की मित्रांबरोबर, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

तालीमवाला
वय विचारून काय करायचे आहे? आजच बंद करा. माझ्या पुतण्याचा मोबाइल काढून घेऊन आम्ही त्याला तालमीत घातले; आता तो रात्री नऊला आपणहून झोपतो. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली, ती काय उगीच?

वाचनवेडी
त्या बंदीचा हिंसेशी संबंध नव्हता. तेव्हा एकूण ११८ अ‍ॅप बंद झाली, आणि कारण दिले होते ते देशाच्या सुरक्षिततेचे व वापरकर्त्यांच्या माहितीचे. मूळ प्रश्नाबाबत सांगायचे, तर अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने २०२० मध्ये आपला २०१५ चा ठराव सुधारला. त्यानुसार अशा खेळांचा आरडाओरडा, ढकलाढकली अशा वागण्याशी लहानसा संबंध दिसतो, परंतु प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडण्यास पुरेसा पुरावा नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १४-१५ वर्षांच्या १००४ ब्रिटिश मुलांच्या वागण्याबद्दल पालकांनाच विचारले होते, आणि तीत असा संबंध आढळला नाही.

तालीमवाला
ब्रिटिश पालकांचे पुण्यात काय काम? शिवाय २४ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये काढलेला निष्कर्ष नेमका उलट आहे, तो आपण सोयीस्करपणे गाळलात.

वाचनवेडी
उलट मुळीच नाही. त्यातही मारामारीच्या प्रवृत्तीत वाढ दिसली ती थोडीच.

धायरीचा_तंत्रज्ञ
राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन रात्री दहानंतर त्या मोबाइलचे इंटरनेट बंद करता येते. कोणता राउटर आहे ते कळवल्यास पायऱ्या लिहून देतो.

सिंहगडरोडकर
आमच्याकडे राउटर नाही. मुलगा १३ वर्षांचा, आठवीत आहे. बीजीएमआय, म्हणजे पबजीची भारतीय आवृत्ती, खेळतो, सोसायटीतल्याच तिघांबरोबर. शाळेतून तक्रार नाही. जेवायला हाक मारली की मात्र अंगावर ओरडतो. आता तरी उत्तर मिळेल का?

नारायणपेठी
हे आधी लिहिले असते तर बरे झाले असते. त्या खेळाच्या मोठ्या नकाशावरचा एक सामना साधारण अर्धा तास चालतो आणि तो मध्येच थांबवता येत नाही. चौघांच्या तुकडीतला एक जण उठला, की उरलेले तिघे हेडफोनमधून त्याचा उद्धार करतात. तुमची हाक नेमकी शेवटचे वर्तुळ आवळत, म्हणजे सामना संपत, आलेला असताना जात असेल, तर तो ओरडणारच. त्याला बंदुकीपेक्षा घड्याळ अधिक कारणीभूत असावे. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ची व्याख्या केली आहे, तिच्यातही रक्तपात नव्हे, तर खेळावरचा सुटलेला ताबा पाहिला जातो, आणि तोही साधारणपणे १२ महिने टिकलेला. झोप, अभ्यास, मित्र हे सगळेच सुटू लागले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. आणखी एक : खाते कोणाच्या नावावर आहे? मे २०२३ मध्ये हा खेळ भारतात परतला तेव्हा १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातलेली होती.

सिंहगडरोडकर
खाते त्याच्या मोठ्या चुलतभावाच्या नावावर निघाले, म्हणजे ती मर्यादा लागतच नसणार. रविवारी दोघांनाही समोर बसवतो. जेवण साडेआठला असते, तेव्हा आठनंतर नवा सामना सुरू करायचा नाही, असे ठरवून पाहतो.

तालीमवाला
खाते कोणाचेही असो, तालीम पहाटे साडेपाचला उघडते. पत्ता हवा असल्यास व्यक्तिगत निरोप पाठवावा.