लाओकूनचा हात आणि 'त्या काळची झेरॉक्स'

बोरूबहाद्दर: काल इथे एकाने लिहिलं, ग्रीक पुराणातल्या पुतळ्यांची जुनी एन्ग्रेव्हिंग्ज (धातूच्या प्लेटवर खोदून कागदावर छापलेली चित्रं) म्हणजे त्या काळची झेरॉक्स, म्युझियमवाले उगाच भिंती अडवतात. तिडीक गेली डोक्यात. अहो, १५०६ मध्ये रोमला लाओकून, म्हणजे सापांच्या विळख्यातल्या बाप आणि दोन पोरांचा तो पुतळा, जमिनीतून निघाला तेव्हा बापाचा उजवा हात नव्हताच, आणि त्या काळच्या एन्ग्रेव्हर मार्को देन्तेच्या प्रिंटमध्ये तो तसाच थोटा आहे. पुढे १५३० च्या दशकात मोन्तोर्सोली या शिल्पकाराने वर ताणलेला हात बसवला, तोच लोक शतकानुशतकं बघत आले. मूळ अवस्था कागदावरच राहिली ना?

सरळसोट: मीच तो. एक देन्ते सापडला म्हणून नाचू नका. निम्मे लोक दुसऱ्याचं प्रिंट बघून प्लेट खोदायचे, छापलं की डावं-उजवं उलटं, पुतळा बघितलाय कुणी?

शाईचा डाग: डच एन्ग्रेव्हर गोल्त्सियसने बघितला होता, रोमला जाऊन. फार्नेसे हर्क्युलिस हा पुतळा त्याने चक्क पाठीमागून काढलाय, पाठीमागे धरलेली सफरचंदं समोर येतात आणि खाली दोन माणसं माना वर करून बघतायत. रेघ स्नायूवर जाड होते, कडेला केसासारखी बारीक. लहानपणी भाजून आखडलेल्या हाताने केलंय हे! आम्ही आर्ट स्कूलला प्लास्टरच्या हर्क्युलिसपुढे बसून पाट्या टाकल्या, ती पाठ मला या प्रिंटने दाखवली.

खडूस काका: ते राहू द्या. १९०६ मध्ये पोलाक या पुरातत्त्वज्ञाला लाओकूनचा मूळ, दुमडलेला हात मिळाला, १९५० च्या दशकाच्या शेवटी जोडलाही, मग मोन्तोर्सोलीचा का काढला? तोही इतिहासच होता की.

बोरूबहाद्दर: काका, चुकीचा हात ठेवायचा?

खडूस काका: आमच्या घरच्या दगडी गणपतीचा हात आजोबांनी नवा करून घेतला. भाऊबंद म्हणाले खंडित मूर्ती, विसर्जन करा. नाही केली. आजही पूजा होते, कुणी म्हणत नाही हात खोटा आहे.

शाईचा डाग: देव्हारा आणि लाओकून ठेवलेलं व्हॅटिकनचं म्युझियम एक नाही हो!

खडूस काका: तुम्हाला चार पुस्तकं वाचून अक्कल आली, आम्ही मूर्ख. चालू द्या.

सरळसोट: वा, माझा मुद्दा गेला गणपतीत. बरं, देन्ते आणि गोल्त्सियस लावा भिंतीवर, उपकार समजा. आणि इटालियन चित्रकार टिशियनच्या ड्रॉइंगवरून केलेला तो वुडकट (लाकडी ठशाचं चित्र), ज्यात लाओकून आणि पोरांची माकडं केलीत, तो तर आधी लावा. निदान टिशियनला तरी पुतळ्यांपुढे लोटांगण घालणाऱ्यांचा माझ्याइतकाच वैताग आला असणार.