दिवसा सौर, रात्री कोळसा: सरकारचं नक्की चाललंय काय?

चंद्रपूरकर: आमच्याकडे सकाळी वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी झटकूनच घडी करावा लागतो, 'कोळशाशिवाय भागत नाही हो' म्हणणाऱ्यांनी आठवडाभर इथे राहून बघावं. एकीकडे शेतीपंपांना दिवसा सौर वीज द्यायच्या 'सौर कृषी वाहिनी २.०' योजनेच्या जाहिराती, १६ हजार मेगावॅटचं टार्गेट, आणि दुसरीकडे नागपूरजवळ कोराडीला कोळशाचे ६६०-६६० मेगावॅटचे दोन नवे संच मंजूर. चंद्रपूरचे २९२० मेगावॅट आहेतच, तिकडे गोंदियातल्या तिरोड्यात ३३००. वीज राज्यभर, राख आम्हाला. इथले २१० चे दोन संच १९८५-८६ चे, ते कधी बंद करणार ती तारीख तरी लिहून द्या.

नगरी_बांध: भाऊ, राखेचं खरंय पण सौरला नुसती जाहिरात म्हणू नका. रात्रपाळीची लाईट असली की बाराला बॅटरी घेऊन उसात पाणी द्यायला जायचो, बिबट्याची भीती वेगळी न सापाची वेगळी, आई घरात जागीच. आता आमचा फीडर (शेतीपंपांची वीजवाहिनी) सौरवर गेलाय, दिवसा लाईट मिळते, मला शेतात पॅनल लावावं लागलं नाही की सौर पंपाच्या किमतीचे १० टक्के भरावे लागले नाहीत. कार्बनबिर्बन आपल्याला कळत नाही, झोप लागते एवढं कळतं.

कोरडवाहू: तुमचं नशीब. आम्ही मागितलं वीज कनेक्शन आणि गळ्यात पडला 'मागेल त्याला सौर पंप' योजनेतला पंप. जमीन अडीच एकराच्या आत म्हणून ३ एचपी, बोअर ५०० फूट, आभाळ आलं की पाइप नुसता गुळण्या करतो. कंट्रोलर बिघडला तर कंपनीचा माणूस 'उद्या येतो' म्हणतो, दीड महिना झाला, पाच वर्षं दुरुस्ती फुकट आहे म्हणे!!

सबस्टेशन: @चंद्रपूरकर तारीख कोण देणार, संध्याकाळी सातला सूर्य नसतो आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, एसी सगळं चालू. दुपारची सौर वीज स्वस्त आहे हो, पण ठेवायची कुठे? सह्याद्रीत घाटघरच्या प्रकल्पात जास्तीच्या विजेवर पाणी वरच्या धरणात चढवतात न मागणी वाढली की खाली सोडतात, पण ते २५० मेगावॅट. तोवर कोळसा पेटवावाच लागणार, आवडो न आवडो.

चंद्रपूरकर: मग तसली अजून बांधा की. नव्या संचाला पैसे आहेत, साठवणुकीचं म्हटलं की 'तोवर'. हे तोवर आम्ही शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय.

सबस्टेशन: बांधा म्हणजे सह्याद्रीतलं जंगल बुडवा, त्यालाही विरोध होणारच.

धनगरवाडा: जंगलाचं सोडा, त्याच सौर वाहिनीसाठी आमच्या गायरानाला कंपाउंड घालून पॅनल लावले. खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख वर्षाचं भाडं, आणि आम्ही मेंढरं कुठं न्यायची ते ग्रामसभेत कुणी विचारलंच नाही. @नगरी_बांध तुमची झोप आमच्या चराईवर चाललीय.

नगरी_बांध: हे मला माहीत नव्हतं राव. पॅनलखाली गवत तर येतंच, मेंढरं आत सोडू देत नाहीत का?

धनगरवाडा: गेटला कुलूप आहे. वॉचमन पण आमच्याच गावचा, तोही सोडत नाही.