हवेत क्रीप आयुष्य कमी, निर्वातात जास्त: असं का?

प्रश्न: क्रीप चाचणी (तापलेला धातू सततच्या भाराखाली हळूहळू ताणला जाऊन किती तासांत तुटतो ते पाहणं), निकेल मिश्रधातू, ७०० अंश सेल्सिअस, भार तोच. निर्वातात नमुना जास्त तास टिकतो, हवेत लवकर तुटतो. वरचा ऑक्साइड तर अगदी पातळ आहे!

उत्तर १: वरच्या थराला दोष देऊ नका. तुटक्या टोकाजवळ उभा छेद घ्या, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. भेगा पृष्ठभागावरून कणसीमांच्या (धातूतल्या सूक्ष्म स्फटिककणांमधल्या सांध्यांच्या) वाटेने आत गेलेल्या दिसल्या, तर ऑक्सिजन सीमांमधून शिरून त्या ठिसूळ करतोय. नमुन्याचा व्यास किती?

प्रश्नकर्ता: ४ मिमी.

उत्तर १: मग फरक दिसणारच. बारीक नमुन्यात खराब झालेल्या थराचा वाटा मोठा. जाड नमुनाही लावून बघा.

उत्तर २: हवा दरवेळी वाईटच असं नाही हं. तापमान जास्त, ताण कमी असेल तर कधीकधी ऑक्साइड भेगेत भरून थोडा आधारही देतो.

उत्तर ३: गंधक तपासलात का? निकेल आणि त्याच्या सल्फाइडचं मिश्रण ६४० अंशांच्या आसपासच वितळतं, म्हणजे तुमच्या चाचणीत द्रवच! कटिंग ऑइल, खुणेचा रंग, ग्रीस यांतून गंधक येतं. नमुना ॲसिटोनने धुवा, नंतर उघड्या बोटांनी धरू नका.