अनुभव धागा: पाण्यातली तुटक रेघ (गाडीने रेवदंडा ते रत्नागिरी)

काल भाच्याने मोबाईल पुढे केला. "मावशी, डिसेंबरात चार दिवस सुट्टी आहे. रेवदंड्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी. पण हे बघ, दाभोळला रस्ता संपतोय आणि पाण्यात तुटक रेघ आहे. ही काय भानगड?"

ती रेघ बघितली आणि थेट १९९६ चा मे महिना आठवला. बाबांची नवी कोरी ओम्नी, बाबांचाच कागदी नकाशा, आणि त्यात दाभोळ ते गुहागर एका बोटाचं अंतर. दुपारी दीडला आम्ही दाभोळच्या धक्क्यावर हजर. पलीकडे धोपाव्याचे माड मोजता येतील इतके जवळ. जाळं शिवत बसलेल्या एका काकांना बाबांनी विचारलं, "गाडी पलीकडे कशी न्यायची?" त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग बाबांकडे. "माणसां जातात. गाडी नाय."

तेव्हा तिथे जंगलजेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी बोट, नव्हती ना! मग दापोली, खेड, चिपळूण करत गुहागर. शंभरावर किलोमीटरचा वळसा. आई खेडपर्यंत एक शब्द बोलली नाही. खेडला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर भाच्याला प्लॅन करून द्यायचाय. अनुभव टाका. फजिती आधी.

खाडीकाठ
आता चार ठिकाणी गाडी बोटीत चढते. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. भाच्याला सांगा शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेव. वेसवीची चुकली तर आंबेतच्या पुलावरून फिरून या, आणि त्या रस्त्याला रात्री कुत्रंसुद्धा भेटत नाही.

सुपारीवाली
आमच्या श्रीवर्धनला फक्त पाण्यात डुंबून पुढे पळू नका हो कुणी. बाळाजी विश्वनाथ इथले. १७१३ साली पेशवाईची वस्त्रं मिळाली त्यांना. पेशव्यांचं स्मारक आहे, दहा मिनिटांचं काम. आणि रोठा सुपारी घ्या. बाजारात नको, वाडीतून.

निवांत
फजिती हवीये ना? हर्णै, २०११. "ओल्या वाळूवर गाडी छान पळते", इति मेव्हणे. पळाली. मग थांबवून फोटो काढले, एवढीच चूक. मागची चाकं वाळूत गेली आणि पाणी यायला लागलं. लिलावाचा मासा वाहणारी एक बैलगाडी होती, त्या माणसाने बैल सोडले, आमच्या बंपरला दोर बांधला आणि बैलांशी काहीतरी बोलला. दोन हिसक्यांत गाडी बाहेर. पैसे घेईना. शेवटी म्हणाला, "तिथी बघून येत जा." मेव्हण्यांना वाटलं मुहूर्त बघायला सांगतोय.

खाडीकाठ
@निवांत 😂 मुहूर्त नाही, भरती! तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा गाडी वाळूवर न्यायचीच नाही. खरं तर कधीच न्यायची नाही.

पमाकाकू
हरिहरेश्वरची प्रदक्षिणापण ओहोटीलाच करायची असते. आम्ही भरतीत पोचलो, देवाला बाहेरूनच नमस्कार. कुकर लावलाय, नंतर येते.

घाटमाथा
वाई-मेणवलीवरून प्रतापगड करून पोलादपूरला उतरा की, त्या वाटेला इतिहास जास्त

पाऊणशहाणा
@घाटमाथा धागा किनाऱ्याचा आहे.

घाटमाथा
@पाऊणशहाणा बरं गुरुजी

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडून रत्नागिरी म्हणजे आधी अख्खा महाराष्ट्र ओलांडा न बाप्पा. पण गेलो एकदा. थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशचा राजा, इंग्रजांनी इथे आणून ठेवला. वाडा १९१० ला झाला आणि १९१६ ला तो गेला. वरच्या मजल्यावरून खाडी दिसते. माझी बायको तिथे बराच वेळ उभी होती. लग्न होऊन यवतमाळला आली तेव्हा असंच वाटायचं म्हणे. मी खाली गेलो.

पमाकाकू
@वऱ्हाडी ठेचा अगंबाई. मग काय केलंत तुम्ही?

वऱ्हाडी ठेचा
@पमाकाकू काय करणार काकू, आंबापोळी घेऊन दिली. दोन किलो.

बे एरियातला
कोर्लई कुणीच लिहिलं नाही? साळावचा पूल ओलांडला की लगेच. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले पण गावात अजून पोर्तुगीजमिश्रित बोली घराघरांत आहे, 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. किल्ल्यावरून उतरताना एक आजी नातवाला रागावत होत्या. शब्द एकही कळला नाही, मजकूर सगळा कळला. इथे माझी मुलगी मला मराठीत "काय?" एवढंच म्हणते, त्यामुळे मी जरा रेंगाळलो.

आवळासुपारी
ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं आणि मोबाईल बघू नये. मंडणगडकडची वळणं भयंकर. प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवा, डिकीत नको. अनुभवाचे बोल.

निवांत
@आवळासुपारी तुमचं नाव आत्ता कळलं

सुपारीवाली
जंजिरा राजपुरीवरून शिडाच्या होडीने. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, हीच तर त्याची करामत. दाराशी वाघाचं शिल्प आहे, सहा हत्ती पकडलेले. माझ्या मुलाने मोजले आणि विचारलं, "सातवा पळाला का?" मराठ्यांना किल्ला कधीच मिळाला नाही हे सांगणं बापाच्या जिवावर आलं होतं.

पाऊणशहाणा
एक सुधारणा. दाभोळचा म्हणून गाजलेला वीज प्रकल्प दाभोळला नाहीच, खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात आहे. भाचा दाभोळला शोधत बसेल.

मावशी (धागाकर्ती)
@पाऊणशहाणा तो मोदक शोधणार आहे, वीज नव्हे. उकडीचे गुहागरला की गणपतीपुळ्याला?

पमाकाकू
आले. कुठेही घ्या, पण सकाळी फोन करून सांगायचं. आयत्या वेळी मागितले की कालचे परत उकडून देतात, नाव नाही घेत. आणि वेळासला एक रात्र राहा. नाना फडणवीसांचं गाव. घराघरांत जेवायची सोय आहे. फक्त कासवांची पिल्लं डिसेंबरात दिसायची नाहीत, ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. भाच्याने मुलांना आधीच कबूल करू नये, आमचा धाकटा चिपळूणपर्यंत रडला होता.

बे एरियातला
रेवस-रेड्डी महामार्गाचे खाडीपूल झाले की जंगलजेट्या जाणार ना? खलाशी हातवारे करत दोन गाड्यांमध्ये अंगठ्याएवढी फट ठेवून गाडी बसवतो, दार उघडत नाही, मग आपण काच खाली करून खारा वारा खात बसायचं. हे पुलावर कुठून मिळणार.

खाडीकाठ
@बे एरियातला तुम्हाला वारा. आम्हाला रात्री बाळंतीण न्यायची असते.

बे एरियातला
@खाडीकाठ हो, खरंय. चुकलो.

मावशी (धागाकर्ती)
प्लॅन असा ठरला. पहिली रात्र मुरूड, दुसरी वेळास, तिसरी गुहागर, चौथ्या दिवशी रत्नागिरी. बाबांना वाचून दाखवला. म्हणाले, "दाभोळला गाडी बोटीत चढली की मला फोन कर म्हणावं." मग जरा वेळाने, "आणि तुझ्या आईलाही दे."

इलेक्ट्रिकवाला
गाडी चार्ज कुठे करायची हे कुणी सांगेल का?? सगळा धागा वाचला, मोदकच सापडले

निवांत
@इलेक्ट्रिकवाला रात्री मुक्कामाला साधा प्लग, आधी विचारून. नाहीतर हर्णैचे बैल आहेतच.

घाटमाथा
सगळ्यांचं वाचून सकाळीच निघालो, प्रतापगड रद्द. आत्ता आगरदांड्याला आहे. बोट डोळ्यांदेखत सुटली. वडापाव सांगितलाय.