मदत हवी आहे: गाठ अंडाशयाची की अपेंडिक्सची?

आई ५८ वर्षांची, आम्ही औसा तालुक्यातले. पोटात उजवीकडं दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली, तर ‘उजव्या अंडाशयाची गाठ’ असं लिहून आलं. लातूरला सीटी स्कॅन केल्यावर मात्र अंडाशय वेगळं दिसलं आणि गाठ लांबट, अपेंडिक्सला लागून. कॅन्सरच्या खुणा बघायच्या रक्ततपासण्यांत सीए-१२५ (हे मुख्यतः अंडाशयासाठी बघतात) नॉर्मल, सीईए (हे मुख्यतः आतड्यासाठी) वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्समध्ये चिकट स्राव साठला असेल तर ऑपरेशनमध्ये गाठ फुटू द्यायची नाही, अख्खी काढायची; नाहीतर तो स्राव पोटभर पसरतो. याचीच धास्ती बसलीय. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात आधी कुणाला दाखवावं, स्त्रीरोगतज्ज्ञांना की कॅन्सर सर्जनना? सीटीची सीडी न्यावी लागते का? कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया लवकर सांगा.